मनातले मांडे आणि चुलीवरचं खापर

गॅसवर दूध तापत होतं आणि मी समोर उभी होते. हातात सांडशी, नजर पातेल्यात. लक्ष दुधाकडेच होतं, असं मी शपथेवर सांगितलं असतं. प्रत्यक्षात मी एका सभागृहात होते. माझ्या पुस्तकाचं प्रकाशन चाललं होतं. पहिली रांग गच्च, मागे लोक भिंतीला टेकून उभे, आणि शाळेत माझ्या निबंधावर लाल रेघा मारणाऱ्या बाई तिसऱ्या रांगेत डोळे पुसत बसलेल्या. मी भाषणाला उठले, माइकला हात लावला आणि ‘चर्र’ असा आवाज आला. दूध उतू गेलं होतं, बर्नर विझला होता. त्या पुस्तकाचं पहिलं पानसुद्धा मी अजून लिहिलेलं नाही.

ओटा पुसता पुसता राग यायला हवा होता, पण नवल वाटत राहिलं. दूध वर यायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात डोक्याने सभागृह उभारलं, दिवे लावले, माणसं जमवली, बाईंना कुठून तरी शोधून आणलं, त्यांच्या डोळ्यांत पाणीही आणलं. खर्च शून्य. हा मांडव नक्की कोण घालतं? कशासाठी? आणि त्यापायी दरवेळी दूधच का सांडतं?

आपल्या भाषेत या उद्योगाला नाव आहे: मनातले मांडे. पोळी म्हटलं नाही, भाकरी म्हटलं नाही, मांडेच म्हटलं. माझी एक मावशी जळगावकडची. तिच्या चुलीपासून चार हातांवर बसून मी लहानपणी मांडे होताना पाहिलेत. कणीक ती इतकी तिंबायची की उचलून धरली तर तुटायची नाही, लोंबायची. पुरण भरलेला उंडा थोडा लाटून झाला की पोळपाटाचं काम संपलं. मग मांडा तिच्या हातांवर चढायचा. या हातावरून त्या हातावर, तळव्यापासून कोपरापर्यंत, दर फेरीला मोठा आणि पातळ होत जायचा. शेवटी चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर ती तो एका झोकात पसरायची. हात कचरला की मांडा फाटलाच, पुरण खापराला लागून करपलंच. आपला पहिला धड मांडा उतरेपर्यंत किती सण गेले, हे ती हसत सांगायची.

ज्याने कुणी हा वाक्प्रचार रूढ केला, त्याला स्वयंपाकघर ठाऊक असणार. सगळ्यांत अवघड पदार्थ त्याने निवडला. मनात तो न फाटता होतो, कारण मनात खापरच नसतं.

शेळ्या, म्हशी आणि एक खरी लाथ

ही खोड फार जुनी. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात स्वभावकृपण नावाचा ब्राह्मण आहे. भिक्षेत मिळालेल्या सातूच्या पिठाने त्याचं मडकं भरलंय. ते खुंटीला टांगून, खाली बाज टाकून तो त्याच्याकडे टक लावून पडतो. दुष्काळ पडला तर या पिठाचे शंभर रुपये येतील. त्यात दोन शेळ्या. शेळ्यांवरून गाई, गाईंवरून म्हशी, म्हशींवरून घोड्या, घोड्यांवरून सोनं, सोन्यातून घर, घरात बायको, मग मुलगा. त्याचं नावही ठरलं, सोमशर्मा. सोमशर्मा रांगत घोड्यांच्या खुरांशी पोचतो, हाक मारूनही बायको कामातून उठत नाही, तेव्हा हा संतापून तिला लाथ मारतो. मडकं फुटतं आणि गृहस्थ पिठाने पांढराफटक.

ही गोष्ट सहाव्या शतकात पंचतंत्राबरोबर इराणात पहलवी भाषेत गेली, आठव्या शतकात अरबीत गेली. तिथे मडक्यात मध आणि तूप आलं. पुढे ती युरोपभर फिरली आणि १६७८ साली फ्रान्समध्ये ला फाँतेनच्या कथेत एका गवळणीच्या डोक्यावर जाऊन बसली. तिच्या घड्यात दूध होतं. तिचं सांडलं आणि माझंही. आपल्याकडे तर सगळी कथा आटून एका ओळीची म्हण आहे: बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

गोष्ट हसून सोडून देऊ नये, तिच्यात बारकावे आहेत. त्या मनोराज्यात एकही शेळी मरत नाही. एकही गाय भाकड निघत नाही. दुष्काळ येतो, पण तोसुद्धा पिठाचा भाव वाढवायला. त्या दुष्काळात शेळ्या खाणार काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. आणि सगळं खोटं असताना लाथ मात्र खरी. मनातल्या चित्रासाठी शरीर खरोखर हललं. हजारो मैल फिरलेल्या या गोष्टीतल्या या दोन खुणा, नसलेली अडचण आणि खरी लाथ, विसाव्या शतकाच्या शेवटी आणि एकविसाव्याच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत पुन्हा सापडल्या.

रिकामं डोकं रिकामं नसतं

आधी मांडव कोण घालतं ते पाहू. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली सुमारे २० टक्के तो एकटा खातो. गंमत अशी की अवघड गणित घातलं तरी हा खर्च जेमतेम ५ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ‘काही नाही, नुसता बसलोय’ म्हणतानाही कारखाना जवळपास पूर्ण जोरात चालू असतो. मग तो बनवतो काय?

अमेरिकेत सेंट लुइस इथे मार्कस रायकल आणि त्यांचे सहकारी मेंदूची चित्रं घेत होते. काम करणाऱ्या मेंदूशी तुलना करायला स्वस्थ पडलेल्या माणसाचा मेंदू लागायचा. त्यात दिसलं, की मेंदूचे काही भाग काम सुरू झालं की मंदावतात आणि माणूस मोकळा झाला की पुन्हा जोर धरतात. २००१ साली त्यांनी याला मेंदूची ‘डिफॉल्ट’ अवस्था म्हटलं. काहीच सांगितलं नाही तर मेंदू जिथे आपोआप परत जातो, ती जागा. भूतकाळ उकरणं, उद्याचं चित्र रंगवणं, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचे अंदाज बांधणं, ही त्या जागेची मुख्य कामं. दूध तापत असताना मी तिथेच गेले होते.

आणि आपण तिथे किती वेळ असतो? २०१० साली हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढांना फोनवरून अवेळी गाठून विचारलं: आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. जागेपणीचा जवळजवळ अर्धा वेळ आपण दुसरीकडेच असतो! त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे सुखद विचारांत भटकणारी माणसंही हातातल्या कामात रमलेल्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हती. मनातल्या मांड्याने पोट तर भरत नाहीच, चवही फार लागत नाही.

पण ही नुसती उधळपट्टी म्हणावी, तर २००७ सालचा लंडनचा एक प्रयोग आडवा येतो. डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना बोलावलं, ज्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झाली होती. अशा माणसांना नव्या आठवणी साठवता येत नाहीत, हे माहीत होतंच. त्यांना सांगितलं, पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर तुम्ही पहुडला आहात अशी कल्पना करा आणि काय दिसतंय ते सांगा. बहुतेकांना ते जमेना. सुटे तुकडे सापडत होते, पण त्यांचं दृश्य जुळत नव्हतं. ज्यांचा काल पुसला गेला होता, त्यांना कल्पनेतला किनाराही उभा करता येत नव्हता. (हसाबिस पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले आणि २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले.)

म्हणजे आठवण आणि कल्पना एकाच माळ्यावरचं सामान वापरतात. त्या लाल रेघांच्या बाई माझ्या स्वप्नात आल्या त्या तिथूनच. हा माळा नसता तर प्रकाशन समारंभ दिसला नसता हे खरं, पण मग उद्याची भाजी, पुढच्या महिन्याचा हप्ता, मुलीचं कॉलेज यांचा विचारही करता आला नसता. मनोराज्य ही ज्या यंत्राची खोड आहे, त्याच यंत्रात नियोजनही तयार होतं. ते बंद पाडून चालणार नाही.

शरीराला वाटतं, जेवण झालं

मग बिघडतं कुठे? गाब्रिएल ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच्यामागे अनेक वर्षं घालवली. १९९१ साली त्यांनी आणि थॉमस वाडन यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात आलेल्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. एक अपेक्षा: ‘मला हे जमेल असं किती वाटतं?’ दुसरी कल्पनाचित्रं: बारीक झाल्यावर मैत्रीण भेटेल तेव्हा, समोर गोड पदार्थ येईल तेव्हा, मनात काय उमटतं? वर्षभराने पाहिलं तर जमेल असं वाटणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं होतं. पण ज्यांची कल्पनाचित्रं सर्वांत गुलाबी होती, त्यांचं वजन इतरांपेक्षा सुमारे ११ किलोने कमी उतरलं.

आपण या दोन्ही गोष्टींना ‘सकारात्मक विचार’ म्हणतो आणि तिथेच फसतो. अपेक्षेला मागचा अनुभव असतो, ती हिशेब करून आलेली असते. कल्पनाचित्राला हिशेब लागत नाही. नोकरी शोधणाऱ्या जर्मन पदवीधरांचंही तेच झालं. जे नोकरीची स्वप्नं जास्त रंगवत होते, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला.

याचं कारण शोधायला २०११ साली हेदर कॅप्स आणि ओटिंगेन यांनी रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. कामाला लागायचं तर शरीर आधी कंबर कसतं, वरचा रक्तदाब थोडा चढतो. काही तरुणींना उंच टाचांचे बूट घालून आपण किती छान दिसतोय, लोक कसे बघतायत, हे मनात रंगवायला सांगितलं. त्यांचा वरचा रक्तदाब खाली आला. शरीर सैलावलं. मिळवायचं ते मिळालंच आहे, आता कशाला धावपळ, असा काहीसा निरोप त्याला पोचला. स्वभावकृपणाची लाथ खरी होती ती याच अर्थाने. मन खोटं जेवलं तरी ढेकर शरीर देतं.

विद्यार्थ्यांवरचा प्रयोग तर आपल्याकडच्या प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर लावावा. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ साली कॅलिफोर्नियात परीक्षेआधी मुलांचे गट केले. एकाने रोज काही मिनिटं डोळे मिटून पाहायचं, की निकाल लागलाय, छान गुण मिळालेत, आपण खूश आहोत. दुसऱ्याने पाहायचं, की आपण टेबलाशी बसलोय, टीव्ही बंद केलाय, मित्राला नाही म्हटलंय, धडा उघडलाय. निकाल पाहणाऱ्यांचा अभ्यास कमी झाला. बैठक पाहणाऱ्यांनी जास्त गुण मिळवले. दिवास्वप्न दोघांनीही पाहिलं. एकाच्या चित्रात मांडा होता, दुसऱ्याच्या चित्रात चूल.

खापर कुठून आणायचं?

ज्ञानदेवांच्या बहिणीला, मुक्ताबाईला, मांडे खावेसे वाटले, ही आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. इच्छा झाल्याबरोबर पहिली अडचण आली ती खापराची. त्यांच्यावर डूख धरलेल्या विसोबाने कुंभारांना सांगून ठेवलं होतं, या भावंडांना खापर द्यायचं नाही. मग ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले. आपली पाठ तापत नाही. आपल्याला खापर शोधावं लागतं. ओटिंगेनबाईंचा उपाय नेमका इथे सुरू होतो.

उपाय साधा. आधी इच्छा मनात आणायची, ती पुरी झाल्याचं चित्र मनसोक्त बघायचं. मग लगेच स्वतःला विचारायचं: माझ्यातलं काय याच्या आड येतंय? जगातलं नव्हे, माझ्यातलं. आळस, लाज, संध्याकाळचा मोबाइल, नाही म्हणता न येणं. ते जितक्या बारकाईने दिसेल तितकं बरं. आणि इथे खरी नवलाची गोष्ट: हाच क्रम उलटा केला, आधी अडचण आणि मग स्वप्न, तर परिणाम दिसत नाही. म्हणजे स्वप्न वगळून चालत नाही, त्याचा मान पहिला आहे. फक्त तिथेच मुक्काम करायचा नाही. मांड्याशेजारी खापर ठेवलं, की तोच मेंदू दोन्हींना जोडून टाकतो आणि अडचण ही ‘करायची गोष्ट’ होऊन बसते.

याचा दुसरा परिणाम कुणी फारसा सांगत नाही. अडचण खरोखर ओलांडण्याजोगी नसेल, तर हाच व्यायाम केलेली माणसं ती इच्छा सोडून देतात आणि मोकळी होतात. नागरी सेवा परीक्षेला वर्षाला दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि निवड होते हजारभर जणांची. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत बसलेल्या कुणालाही हा आकडा नवा नाही. पण आकडा माहीत असणं आणि स्वतःची तयारी त्याच्याशेजारी ठेवून बघणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कुणी बघून ठरवेल, आणखी एक प्रयत्न. कुणी ठरवेल, आता दुसरी वाट. दोघेही शहाणे. फसतो तो, जो फक्त मनातली सरकारी गाडी बघत वर्षं काढतो.

अडचण दिसल्यावर पुढचं काम एका वाक्याचं. पीटर गॉलवित्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी जर्मन विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत काम दिलं: नाताळची पूर्वसंध्या कशी गेली ते दोन दिवसांत लिहून पाठवा. निम्म्यांकडून आधीच ठरवून घेतलं, नक्की कधी आणि कुठे बसून लिहिणार. ज्यांनी ठरवलं नव्हतं त्यांच्यातल्या सुमारे एक-तृतीयांश मुलांनी वेळेत पाठवलं. ठरवलेल्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश मुलांनी. इच्छा सारखीच, हुशारी सारखीच. फरक ‘जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन’ एवढ्या वाक्याचा. कामाची आठवण मग आपण ठेवत नाही, ती ‘अमुक’ गोष्टच करून देते.

वास्तव म्हणजे छोटं असंही समजू नये. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकचे चालक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या साधारण ६० टक्केच माल भरत. ‘जमेल तेवढा भरा’ हे त्यांना सांगून झालं होतं. मग गॅरी लॅथम आणि जेम्स बाल्डिस यांनी एक आकडा दिला: ९४ टक्के. भरणा काही महिन्यांत ९० टक्क्यांच्या वर गेला आणि टिकला. हा अभ्यास १९७५ सालचा. ९४ हा आकडा अवघड होता, पण गाडीवर चढून तपासता येत होता. ‘जमेल तेवढं’ कुणाला तपासता येतं?

अंदाज मात्र जपून. १९९४ साली रॉजर ब्युलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर ३३.९ दिवस. सगळं बिघडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. वाईटात वाईट काय होईल हे कल्पितानाही आपल्या शेळ्या मरत नाहीत.

वाटाण्याची कुंडी

आता एक मोठं मनोराज्य. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत, एका अंधाऱ्या तंबूत, चाळिशीचा एक मराठी माणूस ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहत होता. पडद्यावर ख्रिस्त होता, याला दिसत होते राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या. पुढे ‘नवयुग’ मासिकात त्याने स्वतःच हे लिहिलं. धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय कथापट तेव्हा जन्मालाही आला नव्हता. याहून मनातले मांडे ते कोणते?

पण बाहेर आल्यावर फाळक्यांनी खापर शोधायला घेतलं. काही साहित्य आधीच घरात होतं: चित्रकला, छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग, या सगळ्यांत त्यांचा हात बसला होता. ही कल्पनाचित्रं नव्हती, हिशेबातली अपेक्षा होती. जे नव्हतं ते त्यांनी शिकून घेतलं, इतकं की डोळ्यांवर ताण येऊन दृष्टी काही काळ अधू झाली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले.

आता सगळ्यांत मोठी अडचण: पैसा लावणाऱ्याचा विश्वास. व्याख्यान देऊन तो मिळाला नसता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर, हलू न देता, रोज थोडं थोडं चित्रण केलं. तयार झाली मिनिटभराची फिल्म. तिच्यात दाणा फुटतो, अंकुर मान वर काढतो, डोळ्यांदेखत वेल चढत जाते. ती पाहिल्यावर पैशाचं बोलणं पुढे सरकलं. सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

दोन मडकी शेजारी ठेवून बघावीत. एक खुंटीला टांगलेलं, त्यात पीठ. खाली पडलेल्या माणसाने सगळं भविष्य एका दमात संपवलं. दुसरं जमिनीवर ठेवलेलं, त्यात माती; समोरच्या माणसाने ठरवलं, आज एवढंच. त्याचंही स्वप्न सोन्याचंच होतं, कदाचित ब्राह्मणाच्या स्वप्नाहून मोठं. पण तो मडक्याला लाथ लागेल असा झोपला नव्हता, त्याच्यासमोर कॅमेरा घेऊन बसला होता.

दूध सांडलं त्या रात्री मी हे स्वतःवर करून पाहिलं. प्रकाशन समारंभ पुन्हा पाहिला, बाईंसकट. मग विचारलं, आड काय येतंय? ‘वेळ नाही’ हे उत्तर आधी आलं आणि टिकलं नाही. खरं उत्तर असं निघालं, की माझं पहिलं पान वाईट होणार आहे आणि ते मला बघवणार नाही. सभागृहात ते पान कधीच दिसत नव्हतं. वाक्य ठरवलं: सकाळी दूध उतरवून झाकण ठेवलं, की तिथेच टेबलाशी बसून दहा ओळी.

आज त्या दहा ओळी झाल्या. वाईट झाल्या, अपेक्षेइतक्याच. मांडा फाटला, पुरण करपलं. दुधाचं पातेलं मात्र ओट्यावर झाकून ठेवलंय, त्यातला थेंबही सांडला नाही.